दादांची बिनगोळीची सकाळ

"बंद कर तो कॅमेरा! आधी माझ्या भावाच्या पोटात घोटभर चहा जाऊ दे, मग काढ काय फोटो काढायचेत ते! माणूस आहे का बाहुला? रात्रीपासून उपाशी ठेवलाय, आणि वर म्हणे बोटं आपटून दाखव!"

आमची आत्या ओरडत होती. वाणगावहून पहिल्या गाडीने आली होती. मिरच्यांची पिशवी अजून हातातच होती आणि ती पिशवी ती डॉक्टरबाईंच्या नाकासमोर अशी काही नाचवत होती की बाईंना शिंका याव्यात. आत्याचा आवाज म्हणजे आमच्या घराण्याचा आवाज. ओट्यावरून सुटलेला तो आवाज वाडीतल्या शेवटच्या चिकूपर्यंत गेला, तिथून सुरूच्या बनातून समुद्रावर गेला, आणि बोटीवरच्या एखाद्या तांडेलाने "कोण रे?" म्हणून मागे वळून पाहिलं असणार, यात मला तरी शंका नाही.

डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्या मेंदूवर काम करायच्या. तीन पायांच्या स्टँडवरचा कॅमेरा त्यांनी सरळ केला आणि म्हणाल्या, "आत्या, थोडाच वेळ. काकांना त्रास होणार हे मला माहीत आहे. पण आज तो त्रास दिसायलाच हवा."

खुर्चीत दादा बसले होते. दादा म्हणजे माझे वडील. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केसांना तेल, दाढी गुळगुळीत. आत्याच्या ओरडण्याने त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण ती एरवीही हलत नसे. त्यांना कंपवात, आणि त्या आजारात चेहराच थांबतो.

त्या सकाळी आमच्या घरात सगळ्यांची एकच इच्छा होती, म्हणजे निदान मला तसं वाटत होतं, की दादा गोळीशिवाय जितके वाईट असतात तितके वाईट एकदा नीट दिसावेत. अशी इच्छा बाळगणारं घर डहाणू तालुक्यात दुसरं नसेल. ती वेळ आमच्यावर का आली, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

दादांचा आवाज आत्याच्याही वरचा. खोटं वाटेल, पण त्यांनी वाडीत गड्याला हाक मारली की सरावलीच्या लोकांची दुपारची झोप मोडायची. टेलिफोन आमच्या घरी सगळ्यात उशिरा आला, कारण गरजच नव्हती. चिकूच्या मोसमात टेंपोवाले रस्त्यावरूनच विचारायचे, "आज किती पेट्या?" आणि दादा वाडीच्या मधोमध उभे राहून उत्तर द्यायचे.

दोन हजार चौदाचा पावसाळा संपला आणि तो आवाज आटायला लागला. आम्हाला वाटलं, वय झालं. मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासायला लागला. बसल्या बसल्या, एका लयीत, जसा कुणी तळहातावर तंबाखू मळतो. दादांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. पण बाजारात समोरचा माणूस सवयीने चुन्याची डबी पुढे करायचा. दादा ती घ्यायचे, निरखून बघायचे आणि परत द्यायचे. काय बोलणार?

वापीच्या डॉक्टरांनी त्यांना खोलीत चालताना बघितलं, हात धरून कोपरातून हलवला आणि म्हणाले, "कंपवा छे, काका. गोळी चालू करो." गोळी चालू झाली आणि चमत्कार झाला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. गोळी पोटात गेली की तासाभरात दादा पुन्हा दादा. झेल्याची लांब काठी हातात घेऊन चिकू उतरवायचे, जाळीत फळ अलगद पडायचं, देठाचा चीक कपड्यावर सांडायचा नाही. काही तासांनी गोळी उतरली की हळूहळू थांबायचे.

आणि मग आमच्या घराने एक कला शिकून घेतली. येणाऱ्या माणसाला दादा फक्त गोळी चढलेली असतानाच दिसले पाहिजेत. आमच्याकडे पाहुण्यासमोर घरचा कर्ता माणूस उठून उभा राहतो, "या" म्हणतो, फाटकापर्यंत सोडायला जातो. हे चुकलं की वाडी विकायला काढली का, असं लोक विचारतात. म्हणून कुणी अवेळी आला की आई त्याला अंगणात गाठायची आणि त्याच्या सुनेच्या बाळंतपणापासून चिकूच्या भावापर्यंत गप्पांत गुंतवायची. मी सांगायचो, "दादा पूजेला बसलेत." पहिल्या वर्षी पूजा अर्ध्या तासाची होती. चौथ्या वर्षी ती दीड दोन तासांवर गेली. गावात दादा मोठे भक्त ठरले. ज्या माणसाने भटजींना "लवकर आटपा, पाणी सोडायचंय" म्हणून घाई केली होती, त्याच्या पायाला आता लोक हात लावू लागले. एक बाई तर सायवनहून आपला मुका मुलगा आशीर्वादाला घेऊन आली. दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरला. बाईला तो अंगात आल्याचा पुरावा वाटला.

हसू नका. म्हणजे हसा, आम्हीही हसायचो. पण रात्री जेवताना हसायचो, दादा झोपल्यावर.

दोन हजार अठरा संपता संपता तलासरीकडची जमीन हलू लागली. माझी नोकरी तेव्हा तिकडच्या एका सरकारी कचेरीत, कारकुनाची. धक्के काय, दिवसाआड. गावंच्या गावं घराबाहेर झोपायची. मी डहाणूत परत येऊन सांगायचो की माझ्या टेबलावरचा चहाचा कप धक्क्याने साहेबांच्या टेबलावर जातो आणि दुसऱ्या धक्क्याने रिकामा होऊन परत येतो. दादा तेवढं ऐकून घ्यायचे. एकदा मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "मला घेऊन जा तिकडे. कुणाला कळणार नाही."

मग एका रविवारी धक्का आमच्याकडेच आला. दुपारची जेवणं झाली होती. दादा ओसरीच्या उंबरठ्यात अडकले होते. ही त्या आजाराची आणखी एक गंमत. सपाट जमिनीवर माणूस बरा चालतो आणि दारात आला की पाय फरशीला खिळतात. आई "टाका, उजवा टाका" म्हणत होती आणि उजवा काही पडत नव्हता. तेवढ्यात जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखी धडधड झाली. फडताळातली भांडी बोलायला लागली. मी, सरकारी माणूस, आपत्तीच्या वेळी काय करावं याची पत्रकं गावोगाव वाटणारा, पलंगाखाली शिरलो. आणि बाहेरून आवाज आला, "बाहेर या रे! सगळे बाहेर या!"

तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. बाहेर येऊन बघतो तर दादा अंगणाच्या पार टोकाला, चिंचेखाली. धावत गेले होते. माझ्या आईने धावताना बघितलं, गड्याने बघितलं. धोतर सुटलं होतं, पण माणूस उभा होता. धक्का थांबला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. मग त्यांनी घराकडे यायला पाऊल उचललं, आणि ते उचललं गेलं नाही. मी आणि गड्याने खुर्चीत बसवून त्यांना उचलून आत आणलं.

ही गोष्ट मी तलासरीत सांगितली, डहाणूत सांगितली, गाडीत सांगितली. लोक पोट धरून हसले. माझी सगळ्यात खरी गोष्ट, आणि तिच्यावरच कुणाचा विश्वास बसला नाही.

एका माणसाचा बसला. पुढच्याच महिन्यात डहाणूत कंपवाताच्या रोग्यांसाठी शिबिर भरलं. तिथे या डॉक्टरबाई होत्या. मी नेहमीप्रमाणे हातवारे करून भूकंप सांगितला. आजूबाजूचे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "धावताना मध्ये अडखळले का? हाक मारली तेव्हा आवाज मोठा होता? परत येताना पाय उचलला गेला नाही?" मी गडबडलो. मला कुणी पुढचं विचारायची सवय नव्हती.

दादांना समोर बसवून बाईंनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मेंदूच्या बुडाशी एक काळसर पट्टा असतो, अगदी जरासा. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. माणसाला हलायचं असतं तेव्हा मेंदू जो हुकूम सोडतो, तो या रसायनावाचून पुढे सरकत नाही. या पेशी मरत जातात, का मरतात ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. आणि हात थरथरायला लागेपर्यंत बऱ्याचशा मेलेल्या असतात.

"म्हणजे विहीर आटली," दादा म्हणाले.

"हो. आणि गोळी म्हणजे टँकर," बाई म्हणाल्या. वाडीवाल्याशी कसं बोलायचं ते त्यांना बरोबर समजलं होतं. "सुरुवातीला टँकर आला की थोडं पाणी विहिरीत साठायचं, दिवसभर पुरायचं. आता साठवायला जागाच उरली नाही. टँकर आला तेवढा वेळ पाणी, गेला की कोरडं."

"मग तो कसा पळाला?" आत्याने विचारलं. तीही आली होती. आत्या कुठे नव्हती?

"ते आम्हालाही नीट कळलेलं नाही. घाबरल्यावर मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम पाठवत असावा. त्याचाच आम्ही शोध घेतोय."

दादांना बाई आवडल्या त्या इथे. "कळलेलं नाही" म्हणणारा डॉक्टर त्यांनी पहिल्यांदा बघितला.

मग बाईंनी शस्त्रक्रियेचं सांगितलं. डोक्याला बारीक भोक पाडून केसासारख्या तारा मेंदूत खोलवर सोडायच्या, छातीत कातडीखाली एक लहानशी बॅटरी बसवायची. माणूस जागा असतो. तार योग्य जागी पोचली की नाही ते तिथल्या पेशींच्या आवाजावरून ओळखतात. हो, आवाज. स्पीकरवर ऐकू येतो, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचर चरचर. रोग्याने मूठ उघडली मिटली की तो आवाज बदलतो. बाईंच्या संशोधनाला तोच आवाज हवा होता. जे रोगी त्यात सामील होतील त्यांचा खर्च संस्था करणार होती. मात्र जागा अगदी थोड्या होत्या.

"बोलायचा आवाज परत येईल?" मी विचारलं.

"नाही. तो येईलच असं नाही, कदाचित आणखी बारीक होईल. हालचाल सुधारते. ज्यांना गोळीने फरक पडतो त्यांना तारेनेही पडतो, बहुतेक वेळा. आणि तो गोळीसारखा चढत उतरत नाही."

दादांनी मला हाताने खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, आणि मी ते मोठ्याने बाईंना सांगितलं, "सकाळी. गडी यायच्या आधी. वाडीत एकट्याने फेरी मारायची आहे."

वाडीत जन्म काढलेला माणूस उजाडता उजाडता झाडाझाडांतून फिरतो. कुठलं फळ उतरायला झालं, कुठे वटवाघळांनी नासधूस केली, कुठल्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचलं नाही. दिवसभर मग नुसती मजुरी. आजार जडल्यापासून दादांनी सकाळची वाडी बघितलीच नव्हती. रात्रीची गोळी पहाटेला पार उतरलेली असायची.

बाई म्हणाल्या, "काका, सकाळच परत मिळवून द्यायचा प्रयत्न आहे. वचन देत नाही."

दादांनी मान हलवली. तेवढंच. पण घरी येताना रिक्षात त्यांचा अंगठा थांबला होता. आईने मला कोपराने ढोसून दाखवलं.

आता अट. या कामाला घेण्याआधी एक परीक्षा करायची असते. रात्रीपासून गोळी बंद ठेवायची, सकाळी माणूस पूर्ण कोरडा असताना त्याला तपासायचं, मग गोळी देऊन तासाभराने पुन्हा तपासायचं. दोन्हींत जितकं अंतर जास्त, तितकी तार चालण्याची आशा जास्त. कोरड्या अवस्थेत मुंबईला जाणं म्हणजे छळच, म्हणून पहिली परीक्षा बाई घरी येऊन घेणार होत्या. त्या आदल्या दिवशी येऊन सगळ्यांना दोन दोनदा समजावून गेल्या. "उद्या काका जितके वाईट, तितकं चांगलं. त्यांना मदत करायला जाऊ नका. लपवू नका."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, काळजीच करू नका. उद्या तुम्हाला असा रोगी दाखवतो की तुमच्या पुस्तकात छापाल."

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. दादा भिंतीकडे बघत होते.

सकाळी मी उठून ओट्यावर आलो तर दादा खुर्चीत तयार. आंघोळ, दाढी, इस्त्री. मला वाटलं, आईने पहाटे उठून एकटीने केवढं उरकलं. कडक झालेल्या माणसाच्या बाह्यांतून हात घालायचे म्हणजे खायचं काम आहे का? मी आत जाऊन म्हणालो, "आई, कमाल केलीस हां." आई चुलीवरच्या पाण्याकडे बघत होती.

मग बाई आल्या, कॅमेरा लागला, आत्या आली, आणि ती ओरडली, ते मी सांगितलंच.

आत्या मिरच्या घेऊन कशीबशी खाली बसली. बाई म्हणाल्या, "काका, अंगठ्यावर बोट आपटा. मोठं उघडा, भरभर."

दादांनी आपटलं. टप टप टप टप. मोठं, भरभर.

"मूठ उघडा, मिटा." उघडली, मिटली.

"टाच जमिनीवर आपटा." आपटली.

"हात छातीवर घ्या आणि खुर्चीतून उठा." दादा उठले. एका झटक्यात. गेल्या वर्षात मी त्यांना असं उठताना बघितलं नव्हतं. माझ्या तोंडून "वा!" निघालं. मी चक्क टाळी वाजवली. आत्या म्हणाली, "बघ! म्हणे आजारी! माझा भाऊ आहे तो!"

बाई टाळी वाजवत नव्हत्या. "फाटकापर्यंत जा आणि परत या." दादा गेले, वळले, आले. बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या आणि खांदे धरून त्यांना एकदम मागे ओढलं. त्यांच्यासारखा माणूस कोरडा असला तर ओंडक्यासारखा मागे पडतो. दादांनी एक पाय मागे टाकला आणि उभे राहिले. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला निघालेल्या घरमालकासारखे, ताठ.

माझा टाळी वाजवलेला हात तसाच राहिला. तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, की आज चांगलं दिसणं म्हणजे नापास होणं.

बाईंनी कॅमेरा बंद केला. "काका, सकाळची गोळी घेतलीत?"

दादांनी मान हलवली. नाही.

"रात्री शेवटची घेतली, त्यानंतर काहीच नाही?"

नाही.

"दाढी कुणी केली?"

"मी केली," आई म्हणाली.

"आणि बटणं?"

"मीच."

बाईंनी आईकडे जरा जास्त वेळ बघितलं. एवढ्यात आत्या कडाडली, "आमच्या घरात खोटं बोलत नाहीत हां! चार पिढ्यांची वाडी आहे आमची!" आणि पाच वर्षं दादांच्या पूजेच्या बाता मारलेला मी मान डोलावून उभा राहिलो. दादांनी गोळी घेतली नसणार, यावर माझा खरंच विश्वास होता. ज्या माणसाला सकाळ हवी होती तो असं का करेल?

बाईंनी गोळी पाण्यात विरघळवून दिली. तासभर थांबायचं होतं. आईने चिकू चिरून आणले, पोहे दिले. बाईंनी चिकू खाल्ला, गोड आहे म्हणाल्या. अर्ध्या तासाने दादांची मान डोलायला लागली, जसा समोर कुणी गातंय. मग खांदा, मग पाय. आपोआप, लाटेसारखं. रसायन जास्त झालं की असं होतं, हे मला नंतर समजलं. पुन्हा तीच परीक्षा झाली. दादा आधी जितके चांगले होते त्याहून थोडे चांगले होते, एवढंच.

गाडीपाशी बाई मला म्हणाल्या, "अंतर फार थोडं आलं. याचे दोनच अर्थ. एक तर हा साधा कंपवात नाही, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार आहे, आणि त्यात तार घालून उपयोग नाही. नाहीतर सकाळी गोळी अंगात होती."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते कागदावर येत नाही. दिसलं ते लिहावं लागतं. या आठवड्यात नावं ठरतील." गाडीचं दार लावता लावता त्या थांबल्या. "काही सांगायचं असेल तर फोन करा. खरं समजलं तर मी पुन्हा येईन. पण पुन्हा याच वेळेला, आणि अगदी कोरडं."

गाडी गेली. मी घरात शिरलो. आता ओरडायची पाळी माझी होती, आणि घराण्याचा आवाज माझ्यातही आहे. आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"गोळी तू दिलीस?"

"मागितली. फोडून दिली."

"का दिलीस? दोनदा समजावून गेल्या ना बाई? का दिलीस?"

"त्यांना ती पन्नी फाडता येत नाही," आई म्हणाली. "हात चालत नाही पहाटे."

"मी ते विचारत नाहीये!"

"तू ओरडू नकोस. ते ऐकतायत."

दादा ओट्यावर होते. अंगातली लाट ओसरत आली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी हाताने खूण केली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"तू बघितलंयस का मला पहाटे?"

मी विचार केला. मी त्याच घरात झोपत होतो. पाच वर्षं. पण त्यांच्या खोलीचं दार पहाटे लावलेलं असायचं आणि ते उघडायचं तेव्हा दादा खुर्चीत बसलेले असायचे. आत काय होत असेल याचा मला अंदाज होता, पण अंदाजच. गावभर ज्याची गोष्ट मी रंगवून सांगत फिरलो, तो आजार मी कधी पुरता बघितलाच नव्हता. आम्ही पाहुण्यांपासून लपवत होतो. ही दोघं माझ्यापासूनही लपवत होती.

"नाही," मी म्हणालो.

"कुशीवर ती वळवते," दादा म्हणाले. एकेक शब्द वेगळा, मध्ये श्वास. "उचलून मोरीत ती नेते. तोंड ती पुसते. ती बघते. दुसरं कुणी नाही."

"पण बाई डॉक्टर आहेत, दादा. त्यांनी शेकडो बघितलेत."

"मला नाही बघितलं."

आतून सुपातले तांदूळ वरखाली होण्याचा आवाज येत होता. आत्या अंगणात कुणालातरी सांगत होती की मुंबईच्या डॉक्टरीणबाईने तिच्या भावाला पास केलं, खणखणीत. मी दादांना सगळं पुन्हा समजावलं. तारा, बॅटरी, थोड्याच जागा. एक सकाळ दाखवली की बाकीच्या सकाळी परत मिळायची आशा आहे, गडी यायच्या आधीची वाडी आहे, चिंचेपर्यंत जाणं आहे आणि परत येणंही आहे. मी एवढं सरळ, एवढं न वाढवता जन्मात कधी बोललो नव्हतो. दादांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना पटत होतं. डोळ्यांवरून कळत होतं, चेहऱ्यावरून नाही.

"मग बाईंना फोन करतो," मी म्हणालो. "सकाळी गोळी घेतली होती म्हणून खरं सांगतो. पुन्हा बोलावतो. बोलावू ना?"

दादांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"बोलाव की," ते म्हणाले. "गोळी घेऊन तयार बसतो."